सबवूफर लावला तरी मेन स्पीकर घुमतातच? मेनमधला लो बास कुठे आणि कसा कापायचा

इंदूरात आपल्या लोकांकडे, मग रामबाग असो, सुदामा नगर असो की राजेंद्र नगर, हल्ली एक सेटअप फार दिसतो. जुना पण चांगला स्टीरिओ ॲम्प, बरे बुकशेल्फ नाहीतर टॉवर स्पीकर (डावा-उजवा, हेच मेन), आणि त्यात नवीन आणलेला दहा किंवा बारा इंची सब. आणि तक्रार पण सगळीकडे तीच. सब आल्यावर बास वाढला पण साफ नाही झाला, तबल्याचा डग्गा वाजला की मागे धूंऽऽ करून शेपूट लांबत राहते, गायकाचा आवाज छातीतून आल्यासारखा जड होतो, आणि व्हॉल्यूम जरा वाढवला की मेनचा वूफर सब नव्हता तेव्हा जसा फडफडायचा तसाच अजूनही फडफडतो. मग माणूस सबच्या मागचा क्रॉसओव्हर नॉब ८० वर आणतो, ६० वर आणतो, सबचा व्हॉल्यूम कमी करतो, थोडाफार फरक पडतो पण घुमणं काही जात नाही, शेवटी सबच खराब आहे असं ठरवून दुकानात परत न्यायची तयारी सुरू होते.

सब बहुतेक वेळा ठीकच असतो. तो नॉब फक्त सबचं वरचं कापतो, म्हणजे ८० वर ठेवला तर ८० हर्ट्झच्या वरचं सब हळूहळू सोडून देतो. मेन स्पीकरला त्या नॉबशी काही देणंघेणं नाही, त्यांना ॲम्पकडून पूर्वीसारखाच पूर्ण सिग्नल जातोय, वीस हर्ट्झपासून. म्हणजे ४० ते ८० हा सगळा पट्टा सबही वाजवतो आणि मेनही वाजवतात, दोघांची जागा वेगळी, फेज (म्हणजे आवाजाच्या लाटेची वेळ) वेगळी, लेव्हल वेगळी. भजनात दोन पखवाजवाले किंचित मागेपुढे वाजवत असले की ठेका जसा जाड आणि लडबडीत होतो तसं हे होतं, काही फ्रिक्वेन्सीवर दोघं मिळून डबल, काहींवर एकमेकांना खाऊन टाकतात. ह्याला उपाय एकच, मेनला हाय-पास फिल्टर. सब आला की मेनचं खालचं काढून घ्यायचं. बाकी सगळे उपाय ह्याच्या नंतर.

ह्याने मेनला किती आराम मिळतो ते बघा. तेवढाच आवाज ठेवून एक ऑक्टेव्ह खाली गेलं की कोनला चौपट हलावं लागतं. ८० हर्ट्झला एक मिलिमीटर हलत असेल तर तेवढ्याच आवाजासाठी ४० ला चार मिलिमीटर. पाच-सहा इंचाच्या वूफरला हे झेपत नाही, आणि टू-वे स्पीकरमध्ये (एक वूफर, एक ट्वीटर) तोच कोन गायकाचा आवाजही काढत असतो, तेव्हा बासने कोन ओढला की आवाजही त्याच्याबरोबर हलतो, तो गढूळपणा तिथून येतो. पोर्टवाला, म्हणजे पेटीला हवेचं भोक असलेला स्पीकर असेल तर अजून वाईट, पोर्ट ज्या फ्रिक्वेन्सीला ट्यून केलेला आहे त्याच्या खाली कोनला मागून हवेचा आधार राहत नाही, तो मोकळा फेकला जातो, आवाज काहीच येत नाही आणि कोन मात्र धडपडतो. ॲम्पची ताकद पण तिथेच सगळ्यात जास्त खर्च होते. म्हणून फिल्टर नीट लागला की लोक आधी बासबद्दल बोलतच नाहीत, म्हणतात आवाज मोकळा झाला.

आता आधी तपासणी, कारण पुष्कळ जणांना वाटतं की आपल्याकडे फिल्टर लागलेला आहे आणि तो लागलेला नसतो. सब बंद करा, प्लगच काढा. फोनवर टोन जनरेटरचं कुठलंही फुकट ॲप घ्या, आवाज अगदी कमी ठेवून ४० हर्ट्झचा टोन सोडा. आवाज कमी म्हणजे खरंच कमी, कोरा साईन टोन जोरात वाजवून वूफर जाळणारे आहेत. जाळी काढून मेनच्या वूफरच्या कडेच्या रबरावर बोटाचं टोक हलकं टेकवा. मग टोन १६० ला न्या, व्हॉल्यूमला हात न लावता. मेन पूर्ण रेंजवर असतील (आणि पोर्ट नेमका ४० च्या आसपास ट्यून केलेला नसेल, तिथे कोन तसाही कमी हलतो) तर ४० ला कोन १६० पेक्षा कितीतरी जास्त हलताना बोटाला कळतो. फिल्टर लागलेला असेल तर ४० ला हालचाल बरीच कमी लागते. पुढे प्रत्येक बदल केल्यावर हीच परीक्षा घ्या, मॅन्युअलमध्ये काय लिहिलंय ह्यापेक्षा ही जास्त भरवशाची.

एव्ही रिसीव्हरवाल्यांचं (म्हणजे होम थिएटरचा ॲम्प असलेल्यांचं) काम सोपं आहे तेव्हा ते आधी उरकून टाकतो. मेनूत स्पीकर साईज स्मॉल करा. टॉवर कितीही मोठे असोत, स्मॉलच. ह्या स्मॉलचा स्पीकरच्या उंचीशी संबंध नाही, त्याचा अर्थ एवढाच की ह्याचा खालचा बास सबकडे पाठवा. माईक लावून ऑटो कॅलिब्रेशन केलं की रिसीव्हर बरेचदा टॉवरला लार्ज करून मोकळा होतो, आणि बऱ्याच जणांच्या घुमण्याचं कारण तेवढंच असतं, कॅलिब्रेशन झाल्यावर हाताने बदलावं लागतं. क्रॉसओव्हर ८० पासून सुरुवात करा. सिनेमाच्या आवाजाचे मापदंड ठरवणाऱ्या टीएचएक्सने हाच आकडा धरला होता, कारण साधारण ह्याच्या वर गेलं की आवाज सबच्या कोपऱ्यातून येतोय हे कानाला कळायला लागतं. अगदी छोटे सॅटेलाईट असतील तर १०० किंवा १२० करावं लागतं, तेव्हा सब समोरच्या बाजूलाच ठेवा, सोफ्याच्या मागे नको.

ह्यात तीन फसवणाऱ्या जागा आहेत. पहिली, डबल बास, एलएफई प्लस मेन, एक्स्ट्रा बास अशा नावांचा ऑप्शन, कंपनीप्रमाणे नाव बदलतं. तो चालू असला की सबला पण बास आणि मेनला पण बास, म्हणजे आपण जे बंद करायला निघालोय तेच परत. बंद करा. दुसरी, एलपीएफ फॉर एलएफई, ज्यात १२० दिसतं. तो सिनेमाच्या खास बासच्या चॅनेलचा, म्हणजे ५.१ मधल्या पॉइंट वनचा आहे, मेनशी संबंध नाही, तो खाली आणून काही साधत नाही, १२० च राहू द्या. तिसरी, प्युअर डायरेक्ट. पुष्कळ रिसीव्हरवर हे बटण दाबलं की बास मॅनेजमेंटच (मेनचा बास सबकडे वळवणं) बाजूला होतं, मेन परत फुल रेंज. गाणी ऐकताना प्युअर डायरेक्ट आणि सिनेमाला नॉर्मल अशी सवय असेल तर "सिनेमाला मस्त, गाण्यांना घुमतं" ह्याचं उत्तर तिथे आहे. आणि हो, रिसीव्हर असताना सबच्या मागचा नॉब सगळ्यात वर न्या किंवा एलएफई लिहिलेल्या इनपुटला जोडा, दोन फिल्टर एकावर एक नको.

आता स्टीरिओ ॲम्पवाले. खरी डोकेदुखी इथे आहे. साध्या इंटिग्रेटेड ॲम्पवर (व्हॉल्यूम सांभाळणारा प्री आणि स्पीकर हलवणारा पॉवर ॲम्प एकाच पेटीत) सब आऊट असतं म्हणून लोकांना वाटतं की झालं काम. बहुतेक ॲम्पमध्ये तो सब आऊट म्हणजे नुसता एक ज्यादा तार, सबला सिग्नल मिळतो, मेनचं काहीही कापलं जात नाही. हल्लीच्या ॲपवर चालणाऱ्या काही छोट्या स्ट्रीमिंग ॲम्पमध्ये खरा क्रॉसओव्हर असतो, सब चालू केला की मेनला हाय-पास लागतो, पण तिथे पण ॲपमध्ये मेन बायपास वगैरे नावाचं बटण चालू राहिलेलं असतं, ते बघून घ्या.

बाकीच्यांनी ॲम्प फिरवून मागे बघा. प्री-आऊट आणि मेन-इन असे दोन जोड आहेत का? एनएडी ३०२० सारख्या जुन्या ॲम्पच्या मागे ह्या दोघांमध्ये यू आकाराच्या धातूच्या छोट्या काड्या लावलेल्या असतात. त्या असतील तर तुमचं नशीब चांगलं, कारण व्हॉल्यूम कंट्रोलच्या नंतर आणि पॉवर ॲम्पच्या आधी, अगदी हव्या त्या जागी, तुम्हाला तार तोडून दिलेली आहे. ॲम्प बंद करूनच काड्या काढा, चालू ॲम्पमध्ये ओढल्या तर स्पीकरमध्ये मोठा भोंगा वाजतो. आणि काढलेल्या काड्या पाकिटात घालून जपून ठेवा, परत लागतात.

मग प्री-आऊटवर वाय केबल, तिचं एक टोक सरळ सबला, दुसरं टोक फिल्टरमधून मेन-इनला. क्रम महत्त्वाचा आहे, सबचा सिग्नल फिल्टरच्या आधी घ्यायचा, नाहीतर सबलाच बास मिळणार नाही.

फिल्टर म्हणजे काय तर प्रत्येक चॅनेलला सिग्नलच्या तारेत एक कपॅसिटर सीरीजमध्ये. तो कपॅसिटर आणि पॉवर ॲम्पचा इनपुट इम्पीडन्स (सिग्नलला होणारा अडथळा, ओममध्ये) मिळून हाय-पास तयार होतो. हिशेब असा: १ भागिले, ६.२८ गुणिले फ्रिक्वेन्सी गुणिले इम्पीडन्स. इनपुट इम्पीडन्स ४७ किलोओम असेल आणि ८० हर्ट्झ हवं असेल तर उत्तर साधारण ०.०४२ मायक्रोफॅरड येतं. बाजारात मिळतो ०.०४७, त्याने ७२ हर्ट्झ होतं, चालेल. ०.०३९ मिळाला तर ८७, ०.०३३ ने १०३ च्या आसपास. इम्पीडन्स २२ किलोओम असेल तर ०.१ लावा, १० किलोओमला ०.२२, १०० किलोओमला ०.०२२, सगळ्यांचं उत्तर ७२ च्याच जवळ येतं. म्हणजे इम्पीडन्सचा आकडा कळला की अर्धं काम झालं, आणि तो आकडा मॅन्युअलच्या मागच्या पानावर पॉवर ॲम्प किंवा मेन-इनच्या ओळीत बघायचा, सीडी-ऑक्सच्या ओळीतला नाही, तो वेगळा असू शकतो. छोट्या क्लास डी बोर्डवाल्यांनी जास्त जपून, तिथे गेन (सिग्नल किती पट वाढवायचा ती सेटिंग) बदलला की इम्पीडन्स बदलतो, टीपीए ३११६ चिपचंच बघा, २० डीबी गेनला ६० किलोओम आणि २६ डीबीला ३० किलोओम, तोच कपॅसिटर ठेवून गेनची सेटिंग बदलली तर क्रॉसओव्हर सरकून दुप्पट होतो.

पार्ट्स इथे जेल रोडला किंवा महाराणी रोडला सहज मिळतात. "भिया, चार सौ तिहत्तर नंबर, पॉलिएस्टर, सौ वोल्ट" एवढं सांगितलं की पुरतं. चपटा, चॉकलेटी नाहीतर हिरवा, बोटाच्या नखाएवढा तुकडा, वर २ए४७३जे असं छापलेलं. २ए म्हणजे १०० व्होल्ट. ४७३ म्हणजे ४७ वर तीन शून्यं, पिकोफॅरडमध्ये, तेच ०.०४७ मायक्रोफॅरड. शेवटचा जे म्हणजे पाच टक्के इकडेतिकडे. के असेल तर दहा टक्के, म्हणून जे मागा. स्वस्त असतात, सात-आठ घ्या आणि मल्टिमीटरच्या कपॅसिटन्स रेंजवर मोजून जवळजवळ सारखे दोन निवडा, डावं-उजवं एका जागी कापलं गेलं पाहिजे. चकतीवाला सिरॅमिक नको, साधा इलेक्ट्रोलिटिक तर नकोच. छोटी धातूची डबी, चार आरसीए सॉकेट, मधल्या पिनच्या तारेत कपॅसिटर, बाहेरची ग्राउंडची तार सरळ. डबी धातूचीच हवी, प्लास्टिकच्या डबीत हम, म्हणजे विजेची गुणगुण, पकडायला लागतो. आणि पॉवर ॲम्पकडची केबल आखूड ठेवा.

हा फिल्टर ६ डीबी प्रति ऑक्टेव्ह आहे, म्हणजे सौम्य. ८० ला लावला तर ४० ला ७ डीबी कमी, २० ला १२ डीबी. कमी वाटेल पण ४० ला कोनची हालचाल निम्म्याहून कमी होते, आणि इतक्या कमी खर्चात इतका फरक मी तरी ऑडिओमध्ये दुसरीकडे पाहिलेला नाही. स्पीकर सीलबंद पेटीचा असेल तर तो खालून स्वतःच १२ डीबीने उतरत असतो, त्यात हा मिळून चांगलं जमतं. पोर्टवाल्याला फिल्टरच्या जोडीला पोर्टमध्ये फोम किंवा गुंडाळलेला मोजा घालून बघा, सबशी जुळवणं सोपं होतं. पण नुसता मोजा घालून फिल्टर टाळू नका, पोर्ट बंद केला की त्याच्या ट्यूनिंगच्या आसपास कोनला उलट जास्त हलावं लागतं.

प्री-आऊट आहे पण मेन-इन नाही असे ॲम्प खूप आहेत. इथे लोक प्री-आऊटमध्ये फिल्टर खोचून बघतात आणि काहीच होत नाही, होणारही नाही, कारण आतली वायर तशीच जोडलेली आहे. मग दोनच रस्ते. एक, मेनसाठी बाहेरून पॉवर ॲम्प घ्यायचा आणि इंटिग्रेटेड नुसता प्री म्हणून वापरायचा. दुसरा, ॲम्पच्याही आधी कापायचं, म्हणजे स्ट्रीमर किंवा डॅक (डिजिटलचा ॲनालॉग सिग्नल करणारी डबी), त्यानंतर क्रॉसओव्हर, त्याचं हाय ॲम्पला आणि लो सरळ सबला.

दुसऱ्या रस्त्यात व्हॉल्यूमचा घोळ असतो तो समजून घ्या. ॲम्पचा व्हॉल्यूम आता फक्त मेनचा झाला, सबला तो कळत नाही. तेव्हा ॲम्पचा नॉब एका जागी ठेवून तिथे टेपची खूण करायची आणि आवाज कमी-जास्त स्ट्रीमरवरून किंवा फोनवरून करायचा. घरात कोणीतरी सवयीने ॲम्पचा नॉब फिरवणार हे नक्की, म्हणून सगळ्यांना सांगून ठेवा. टेप मॉनिटरच्या लूपमध्ये फिल्टर घालायची युक्ती पण ह्याच कारणाने फसते. लूप व्हॉल्यूमच्या आधी आहे, तेव्हा एकतर फिल्टर झालेलाच सिग्नल पुढे प्री-आऊटमधून सबकडे जातो, म्हणजे सब उपाशी, नाहीतर सब लूपमधूनच घेतला तर त्याचा आवाज नॉबबरोबर बदलत नाही.

आधी कापायचंच असेल तर कपॅसिटरपेक्षा डीएसपीची, म्हणजे डिजिटल पद्धतीने फिल्टर करणारी डबी मला जास्त पटते. मिनीडीएसपी टू बाय फोर एचडी सारखी, दोन इनपुट, चार आऊटपुट, दोन मेनला आणि एक सबला. त्यात २४ डीबीचा लिंकविट्झ-रायली क्रॉसओव्हर एका क्लिकवर लागतो, डिले देता येतो, खोलीचा एखादा उंच डोंगर कापता येतो. खर्च आहे पण सब घ्यायला जेवढे पैसे टाकले त्यातले थोडे वाचवून हे घेतलं असतं तर छोट्या सबनेही जास्त आनंद दिला असता असं मला मनापासून वाटतं. डीजे लोकांचे रॅकमधले ॲक्टिव्ह क्रॉसओव्हर, बेहरिंगर सीएक्स २३१० वगैरे, पण हेच काम करतात, त्यांचे जोड एक्सएलआर असतात तेव्हा केबल नीट बनवून घ्याव्या लागतात.

कॉम्प्युटरवरूनच ऐकणारे असाल तर पैसे न घालवताही जमतं. मदरबोर्डला ५.१ चे जॅक असतील तर केशरी जॅक सेंटर-सबचा असतो, तिथून सबला द्या, हिरव्यातून मेनला. इक्वलायझर एपीओ हे विंडोजवर फुकट आहे, त्यात डाव्या-उजव्याला हाय-पास, आणि दोघांची बेरीज करून सबच्या चॅनेलला लो-पास. बेरीज करताना दोघांना निम्मं करून मिळवा, नाहीतर क्लिप होतं.

ॲक्टिव्ह स्पीकरवाल्यांचा प्रश्न वेगळा. त्यांचा सिग्नल सबमधून फिरवून आणतात, सोर्स सबच्या लाइन-इनला आणि सबच्या लाइन-आऊटमधून स्पीकरला. काही सबमध्ये त्या लाइन-आऊटवर खरंच ८० च्या आसपासचा हाय-पास असतो आणि मग ह्याच्यासारखं सोपं काही नाही. पण पुष्कळ सबमध्ये तो नुसता आरपार आहे, जे आत गेलं तेच बाहेर. दुकानदार विचारल्यावर "फिल्टर है ना भिया" म्हणतोच. वर सांगितलेली ४० हर्ट्झची परीक्षा घ्या, फक्त इथे सबचा प्लग न काढता त्याचा व्हॉल्यूम शून्यावर आणा, लगेच कळतं. सबच्या मागच्या स्पीकर-लेव्हलच्या इन आणि आऊट टर्मिनलचं पण हेच, काहींमध्ये आत कपॅसिटर असतो, काहींमध्ये टर्मिनल एकमेकांना नुसते जोडलेले असतात.

स्पीकर-लेव्हल इनपुट वापरणाऱ्यांनी एक गोष्ट सांभाळा. क्लास डी ॲम्प बरेचदा ब्रिज्ड असतो, त्याची निगेटिव्ह ग्राउंड नसते. तिथे सबची काळी तार निगेटिव्हला जोडली आणि सबमध्ये ती ग्राउंडला गेलेली असली तर ॲम्प उडू शकतो. ब्रिज्ड आहे की नाही हे कळेपर्यंत जोडू नका.

आणि स्पीकरच्या तारेतच मोठा कपॅसिटर घालायचा उपाय, जो प्रत्येकाला कोणीतरी सांगितलेला असतो. ८ ओमला ८० हर्ट्झसाठी साधारण २५० मायक्रोफॅरड, नॉन-पोलर. मी हा सुचवत नाही. स्पीकर ८ ओम कागदावर असतो, खाली बासमध्ये रेझोनन्सला त्याचा इम्पीडन्स ३०-४० ओमपर्यंत चढतो, आणि नेमकं तिथेच कपॅसिटर काही कापत नाही. जिथे कापायला हवं तिथे कापलं जात नाही आणि मधेच एखादा उंचवटा तयार होतो. दुसरा काही मार्गच नसेल तर ठीक, नाहीतर कापायचं ते ॲम्पच्या आधी.

फिल्टर लागला म्हणजे संपलं नाही. पहिल्या दहा मिनिटांत बऱ्याच जणांना आवाज पातळ वाटतो आणि ते सगळं काढून टाकायला निघतात. थांबा. मेन जो बास देत होते तो गेलाय, सबचा लेव्हल अजून जुन्या हिशेबाचाच आहे, तो वाढवावा लागतो. रिसीव्हर किंवा डीएसपी नसेल आणि सबचा स्वतःचा क्रॉसओव्हर नॉब आधी ५० वगैरे खाली नेऊन ठेवला असेल तर तो परत ८० जवळ आणा, नाहीतर मध्ये खड्डा पडतो. फिल्टरने मेनची फेज पण सरकते, तेव्हा जुनी फेज सेटिंग आता लागू नाही. ८० चा टोन लावा, नेहमीच्या जागेवर बसा, आणि घरच्या कोणाला तरी सबचं फेजचं बटण शून्य आणि १८० मध्ये बदलायला सांगा. जिथे आवाज जास्त येतो ते बरोबर. गोल नॉब असेल तर हळूहळू फिरवत जास्तीत जास्त आवाजाची जागा शोधा. फोनवरचा साऊंड मीटर इथे चालतो कारण एकाच फ्रिक्वेन्सीची तुलना करायची आहे, सगळा ग्राफ काढायचा झाला तर फोनचा माईक खाली भरवशाचा नाही, त्यासाठी यूएसबी माईक आणि आरईडब्ल्यू (रूम इक्यू विझर्ड), सॉफ्टवेअर फुकट आहे.

मग कानाने. ह्यासाठी सिनेमातले धमाके नको, त्यात काहीही चांगलं वाटतं. शास्त्रीय गाणं लावा, पुरुष गायक, तानपुरा-तबल्यासकट. काळी एकचा सा म्हणजे साधारण १३८ हर्ट्झ, तानपुऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, ६९, म्हणजे बरोबर आपल्या क्रॉसओव्हरच्या अंगावर. सेटिंग चुकलेली असेल तर खर्ज एकतर गायब होतो किंवा बाकीच्या तारांवर चढून बसतो. डग्ग्यावरचा घिस्सा ऐका, हाताने दाबत सूर वर नेतात तेव्हा तो सबकडून मेनकडे सरकत असतो, तो एका अंगाने आला पाहिजे, मध्ये कुठे फुगता कामा नये की बुडता कामा नये. सेटिंग जमली की सब वाजतोय हेच विसरायला होतं, आणि सब बंद केला की मगच कळतं काय गेलं ते.

एवढं सगळं करूनही एखादाच सूर घुमत असेल, बाकी सगळं साफ, तर ते आता स्पीकरचं काम नाही, खोलीचं आहे. आपल्या घरांत सिमेंटच्या भिंती, खाली कोटा स्टोन किंवा टाइल्स, बास कुठे जिरत नाही. समोरासमोरच्या दोन भिंतींत १२ फूट अंतर असेल तर ४७ हर्ट्झच्या आसपास खोली स्वतः वाजते, १० फुटांना ५६, १५ फुटांना ३७-३८. हा आकडा काढून तोच टोन वाजवून बघा, जागच्या जागी पकडता येतो. इलाज सबची जागा. सब उचलून तुम्ही बसता त्या सोफ्यावर ठेवा, बास असलेलं एखादं गाणं चालू करा, आणि स्वतः गुडघ्यावर बसून भिंतीच्या कडेकडेने फिरा, सब ठेवता येईल अशा सगळ्या जागांवर कान नेऊन. जिथे बास सगळ्यात सारखा आणि आखूड ऐकू येईल तिथे सब ठेवायचा. बहुतेकदा ती जागा कोपरा नसते, आणि बहुतेकदा तिथे आधीच कुंडी नाहीतर शोकेस असतं, त्यावर घरात बोलणी करावी लागतात. मेनचा बास कापलेला असल्यामुळे आता हे शक्य तरी आहे, कारण मेन स्टीरिओसाठी समोर दोन बाजूंना हवे तिथेच राहतात आणि बासची जागा एकट्या सबने ठरते. दोन्हीकडून बास येत असताना सब कुठेही हलवला तरी अर्धा घुमारा मेनमधून येतच राहतो, म्हणून जागा शोधायची ती फिल्टर लागल्यावर.

फिल्टरची डबी किंवा डीएसपी लावल्यावर नवीन हम आला तर आधी केबल टीव्ही किंवा सेट टॉप बॉक्सची वायर काढून बघा, बरेचदा ग्राउंड लूप तिकडूनच बनतो. सब आणि ॲम्प एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घ्या. थ्री-पिनचा अर्थिंगचा पिन काढून हम घालवायचा सल्ला कोणी दिला तर अजिबात ऐकू नका.